लेथ आणि कारागिराची बुद्धी

ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या भाता आणि ऐरण चालत आली, त्या घरांतील अनेक तरुण पुढे लेथसमोर उभे राहिले. त्यांनी आपल्या यंत्राचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण तो बव्हंशी कारागिरांनी आपल्याच यंत्रात केलेल्या सुधारणांचा इतिहास आहे.

हेन्री मॉड्सले याचा जन्म १७७१ साली लंडननजीक वूलविच येथे झाला. बाराव्या वर्षी तो तेथील शस्त्रागारात कामास लागला आणि पुढे कुलुपांबद्दल विख्यात असलेल्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात आला. त्या काळी धातू कातणारा कारागीर बहुधा हत्यार हातात धरून, टेकूवर दाबून, फिरत्या धातूला लावीत असे. हात ढळला की माप चुकले. मॉड्सलेने हत्यार आवळून धरणारी आणि मळसूत्राच्या योगाने नेमकी सरकणारी बैठक लेथला जोडली. अशा बैठकीची कल्पना फ्रान्समध्ये पूर्वीच होती. रॅम्सडेननेही आटे पाडणारा लेथ आधी बनवला होता. तेव्हा सारे श्रेय एकट्या मॉड्सलेस देणे न्यायाचे नव्हे. परंतु ती युक्ती भक्कम लोखंडी यंत्रात बसवून कारखान्याच्या नित्य कामात आणण्याचे मोठे कार्य त्याने केले.

ब्रामाकडे मुख्य कारागीर होऊनही त्यास आठवड्याला ३० शिलिंगच मिळत. संसार वाढला, त्याने वेतनवाढ मागितली. ती नाकारण्यात आली. १७९७ साली त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले.

तेथे त्याच्यापुढे एक कूट होते. अचूक मळसूत्र कातण्यास लेथवर आधी अचूक मळसूत्र हवे. ते आणावे कोठून? त्याने मऊ धातूच्या दांड्यावर ठरावीक कोनात तिरके पाते टेकवून आटे उमटवले, त्यांतून उत्तम ते निवडले आणि त्याच्या आधारे पुढची मळसूत्रे कातली. दंतचक्रे बदलून एकाच लेथवर निरनिराळे आटे पाडता येऊ लागले. पुढे त्याने ५ फूट लांबीचे, इंचाला ५० आटे असलेले मळसूत्र तयार केले. अशा रीतीने यंत्राने आपल्याहून सरस यंत्रास जन्म दिला.

त्याच्या हाताखाली क्लेमंट, रॉबर्ट्‌स, नॅस्मिथ व व्हिटवर्थ यांनी काम केले. १८४१ साली व्हिटवर्थने आट्यांचे एकसारखे प्रमाण सुचवले. आपल्याकडे १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रे बनवणारा कारखाना निघाला आणि तेथे लेथ घडू लागले.

ज्ञातिबांधवहो, मॉड्सलेच्या बुद्धीचे मोल मालकाने ३० शिलिंगांवर थांबवले. तीच बुद्धी साऱ्या उद्योगाचा पाया ठरली. आपला एखादा मुलगा जुन्या लेथला स्वतः घडवलेला भाग जोडू पाहत असेल, तर ‘नेमले तेवढेच काम कर’ असे त्यास कोणी म्हणू नये. त्याच्या हाती एक कानस, एक मोजपट्टी आणि थोडा अवकाश द्यावा.