भरपाईचा दावा फेटाळला गेल्यास खर्चाचा भार कोणावर?

नवी दिल्ली : दिल्ली, नोएडा, गुरुग्राम व फरिदाबाद परिसरात कामावर असताना जखमी झालेला कामगार भरपाईचा अर्ज करण्यास कचरतो, त्यामागे अनेकदा एक भीती असते : दावा हरल्यास मालकाच्या वकिलाची फीदेखील आपल्यालाच भरावी लागेल काय?

१ जुलै १९२४ रोजी अमलात आलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातील कलम २६ अन्वये, नियमांच्या अधीन राहून, कार्यवाहीच्या खर्चाबाबतचा निर्णय आयुक्तांच्या स्वेच्छाधिकारात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. आयुक्तांच्या ठिकाणी आता सक्षम प्राधिकारी आहेत. खर्चाचे तत्त्व मात्र कायम आहे. म्हणजेच हरलेल्या कामगारावर खर्च बसूच शकत नाही, असे नव्हे. तथापि उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा, असेच अनेक आदेशांत नमूद असते.

खरा भार असतो तो स्वतःच्या वकिलाचा. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास अथवा भरपाईच्या रकमेत हिस्सा घेण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलांना मनाई आहे. ‘जिंकलात तरच पैसे द्या’ या तोंडी आश्वासनावर विसंबून राहणे त्यामुळे धोक्याचे. त्यापेक्षा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणे इष्ट. १९८७ च्या कायद्यातील कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहेत. त्यासाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

दावा जिंकूनही अखेरीस हरता येतो, हे मुंबईच्या एका प्रकरणातून दिसून आले. १९६१ साली इराणच्या आखातात जहाजावरून एक खलाशी बेपत्ता झाला. मुंबईतील अतिरिक्त आयुक्तांनी दावा फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मृत्यू नोकरीमुळे ओढवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदाराची आहे. त्यासाठी परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा ठरू शकतो, परंतु निव्वळ तर्क नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. नेमणूकपत्र वा हजेरीकार्ड नसलेल्या ठेकेदारी मजुराला तर आपण त्या ठिकाणी नोकरीस होतो, हेच आधी सिद्ध करावे लागते.

अपील ६० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात आणि केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर करता येते. आदेश दिल्लीतील असल्यास दिल्ली उच्च न्यायालय, गुरुग्राम वा फरिदाबादचा असल्यास चंडीगड आणि नोएडा वा गाझियाबादचा असल्यास अलाहाबाद उच्च न्यायालय. दावा कोठे दाखल करायचा हे ठरवितानाच हा प्रवासखर्च लक्षात घ्यावा, कारण अपघाताच्या ठिकाणाखेरीज दावेदाराच्या राहत्या ठिकाणीही अर्ज करण्याची मुभा आहे.