पॉइंटर व स्ट्रक्ट-मेथड (गो भाषा)

पॉइंटर व स्ट्रक्ट-मेथड : गो या कंपाइल होणाऱ्या संगणकभाषेतील दोन निगडित संकल्पना. एखादे मूल्य मेमरीत जेथे असते त्या जागेचा पत्ता धारण करणारे चल म्हणजे पॉइंटर. वेगवेगळ्या प्रकारची फील्ड एका नावाखाली बांधणारी रचना म्हणजे स्ट्रक्ट, आणि त्या रचनेशी जोडलेले फंक्शन म्हणजे मेथड. गोची आखणी रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक व केन थॉम्पसन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये सुरू केली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिच्यातील पॉइंटर डेनिस रिची यांच्या सी भाषेच्या वळणाचा असला, तरी पत्त्यात बेरीज-वजाबाकी करून शेजारच्या मेमरीत शिरण्याची सीमधील मुभा येथे सहजी मिळत नाही.

गोमध्ये फंक्शनला दिलेल्या प्रत्येक मूल्याची नक्कल होते, आणि पॉइंटरचे सगळे महत्त्व या एका नियमातून येते. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खाडाखोड केल्याने तलाठ्याच्या दप्तरातील नोंद बदलत नाही, तसेच नकलेवर केलेला बदल मूळ चलापर्यंत पोहोचत नाही. उदाहरणादाखल, विरार पूर्वेतील एखाद्या बसथांब्याच्या नोंदीसाठी ‘नाव’ व ‘प्रवासीसंख्या’ अशा दोन फील्डचा स्ट्रक्ट केला आणि नावात ‘मनवेलपाडा’ हा मजकूर ठेवला, तर युटीएफ-८ या संकेतनात (जे थॉम्पसन व पाइक यांनीच १९९२ मध्ये रचले) त्याची ९ वर्णचिन्हे प्रत्येकी ३ याप्रमाणे २७ बाइट व्यापतात. स्ट्रक्टची नक्कल होताना मात्र हे २७ बाइट हलत नाहीत, कारण गोमधील स्ट्रिंग ही स्वतःच एक पत्ता आणि एक लांबी यांची जोडी असते. ६४-बिट यंत्रावर ती १६ बाइटची व पूर्णांक ८ बाइटचा, म्हणून एकूण २४ बाइटचीच नक्कल होते. पॉइंटर ८ बाइटचा असतो हे खरे, पण एवढ्याशा बचतीसाठी तो निवडणे समर्थनीय नाही; मूळ नोंद बदलायची आहे की नाही, हाच निवडीचा पहिला निकष असावा.

हा निकष मेथडच्या रिसीव्हरला, म्हणजे मेथड ज्या मूल्यावर चालते त्याला, थेट लागू पडतो. प्रवासीसंख्या एकाने वाढवणारी मेथड मूल्य-रिसीव्हरवर लिहिली, तर ती बिनतक्रार कंपाइल होते, चालते आणि आकडा होता तसाच राहतो. तारांकन लावून रिसीव्हर पॉइंटर केला की मूळ आकडा वाढतो. साध्या चलावर अशी मेथड बोलावताना त्याचा पत्ता कंपाइलर स्वतःच घेतो, ही सोय नवशिक्याला सुखावते आणि चकवतेही, कारण मॅपमधील (किल्लीनुसार मूल्ये ठेवणाऱ्या रचनेतील) घटकाला पत्ता घेण्याजोगी स्थिर जागा नसल्याने तेथे तीच ओळ कंपाइलर नाकारतो. रेंज हा लूप वापरून थांब्यांच्या स्लाइसवर (क्रमवार यादीवर) फिरतानाही हाती येतो तो प्रत्येक थांब्याचा उतारा, मूळ थांबा नव्हे. तेथे इंडेक्सने घटक गाठावा लागतो.

अशा चलांना व मेथडना नावे देताना देवनागरी वापरणाऱ्यांना एक मर्यादा विशेष जाणवते. गोच्या नियमांनुसार चलाच्या किंवा मेथडच्या नावात जोडचिन्हे चालत नाहीत आणि काना, मात्रा, वेलांटी यांची गणना त्यांतच होते, त्यामुळे ‘मनवेलपाडा’ हा मजकूर म्हणून साठवता येतो, पण चलाचे नाव म्हणून नाही.

इंटरफेसच्या, म्हणजे आवश्यक मेथडची यादी ठरवणाऱ्या प्रकाराच्या, बाबतीत रिसीव्हरचा नियम अधिक काटेकोर आहे. मूल्याच्या मेथड-संचात केवळ मूल्य-रिसीव्हरच्या मेथड येतात, पॉइंटरच्या संचात दोन्ही. म्हणून आवश्यक मेथड पॉइंटर-रिसीव्हरवर असेल, तर इंटरफेसमध्ये थांब्याचे मूल्य ठेवता येत नाही, त्याचा पत्ताच द्यावा लागतो. एका मेथडला पॉइंटर लागत असेल तर त्या प्रकारच्या उरलेल्या मेथडही पॉइंटरवरच लिहाव्यात असा प्रघात याच कारणाने पडला आहे. स्ट्रक्टमध्ये म्युटेक्स हे कुलूप असल्यास तर पर्यायच उरत नाही, कारण नक्कल झालेले कुलूप मूळ माहितीचे रक्षण करू शकत नाही.