घराचें कर्ज आणि दिलेला शब्द

घेतलेलें कर्ज फेडावें, ही शिकवण सर्व समाजांत मुलांना दिली जाते. परंतु ज्या घरासाठीं कर्ज काढलें, त्या घराची किंमतच कर्जाच्या निम्म्यावर आली, तर हप्ते भरीत राहणें हें कर्तव्य कीं अविचार? अमेरिकेंतील लक्षावधि गृहस्थांपुढें हा प्रश्न एका शतकाच्या आंत दोनदां उभा राहिला. एकदां १९२९ नंतरच्या मंदींत व पुन्हां २००७ नंतर. दोन्ही वेळीं लोकांची सचोटी सारखीच होती. पण राज्यकर्त्यांनीं दिलेलें उत्तर सारखें नव्हतें.

मंदीपूर्वीं तिकडे घरासाठीं मिळणारें कर्ज बहुधा थोड्या मुदतीचें, पांच वर्षें किंवा त्याच्या आसपास, असे. घराच्या किमतीच्या साधारण निम्मी रक्कम मिळे. ऋणको पुष्कळदां केवळ व्याज भरी आणि मुदत संपली कीं नवें गहाणखत लिहून देऊन मुद्दल पुढें ढकली. तेजींत हें बिनबोभाट चाललें. मंदी आली, बँका बुडूं लागल्या आणि नवें गहाणखत घेण्यास कोणी तयार होईना. १९३३ सालीं दररोज सुमारें एक हजार घरें धनकोंच्या ताब्यांत जात होतीं.

कांहीं ठिकाणीं ऋणकोंनीं एकजूट केली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत १९२४ ते १९२८ या काळांत बांधलेली सनीसाइड गार्डन्स ही बागांनीं वेढलेली आदर्श वसाहत होती. तेथील रहिवाशांनीं व्याज कमी व्हावें म्हणून हप्ते थांबविण्याचा संप पुकारला. घरें खालीं करावयास सरकारी अंमलदार आले, तेव्हां कित्येकांनीं दारें अडवून धरलीं. तरीहि अखेर निम्म्याहून अधिक कुटुंबांना घर गमवावें लागलें.

मिनेसोटा संस्थानानें निराळा मार्ग काढला. लिलांवांत गेलेलें घर सोडवून घेण्याची मुदत न्यायालयानें वाढवावी, मात्र ऋणकोनें तोंपर्यंत वाजवी रक्कम भरीत राहावें, असा कायदा तेथें एप्रिल १९३३ मध्यें झाला. मिनिआपोलिस शहरांतील एका दांपत्याचें चौदा खोल्यांचें घर सुमारें ३,७०० डॉलरांना लिलांवांत गेलें होतें. त्याचा बाजारभाव ६,००० डॉलर होता. न्यायालयानें दरमहा ४० डॉलर भरण्याच्या अटीवर त्यांची मुदत १ मे १९३५ पर्यंत वाढविली. धनको संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली; कारण करारांचें बंधन ढिलें करणारा कायदा कोणत्याहि संस्थानानें करूं नये, असें अमेरिकेच्या राज्यघटनेंत स्पष्ट कलम आहे. ८ जानेवारी १९३४ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं कायदा कायम झाला. कर्ज बुडविलेलें नाहीं, केवळ अवधि दिला आहे, असा मुख्य न्यायाधीश ह्यूज यांच्या निकालाचा आशय होता. उलट न्यायमूर्ति सदरलंड यांचें म्हणणें असें कीं, हें कलम अशाच कठीण काळासाठीं लिहिलेलें असतांना कठीण काळाच्या सबबीवर तें मोडतां येणार नाहीं. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, म्हणूनच निवाडा एका मताच्या अंतरावर राहिला.

जून १९३३ मध्यें मध्यवर्ती सरकारनें गृहकर्जांसाठीं एक स्वतंत्र महामंडळ स्थापिलें. त्यानें अडलेलीं गहाणखतें धनकोंकडून आपल्याकडे घेतलीं आणि गृहस्थांना पंधरा वर्षांची मुदत, पांच टक्के व्याज व मुद्दलासह फिटत जाणारे मासिक हप्ते अशा नव्या अटी दिल्या. दहा लाखांवर घरांना हें साह्य मिळालें. सुमारें पांचांतील एकाला तरीहि घर सोडावें लागलें. पण बाकीच्यांनीं शब्द पाळला, आणि १९५१ सालीं महामंडळ अल्पशा नफ्यासह बंद झालें. अटी पेलतां येण्याजोग्या झाल्या, तेव्हां बहुतेकांनीं कर्ज फेडलें, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

पुढील पिढ्यांनीं तो पुरता ध्यानांत ठेवला नाहीं. २००६ नंतर घरांच्या किमती कोसळल्या. २०१० च्या सुमारास गहाण असलेल्या घरांपैकीं जवळजवळ चतुर्थांश घरांवरील कर्ज त्यांच्या किमतीहून अधिक होतें. नेव्हाडा संस्थानांत तर निम्म्याहून अधिक घरांची ही गत होती. तीन लाखांचें देणें आणि दीड लाखांचें घर, अशा स्थितींत हप्ते भरण्याची ऐपत असलेला गृहस्थहि जमाखर्च मांडून विचारांत पडे. शेजारचें तसेंच घर निम्म्या खर्चांत भाड्यानें मिळत असे. कॅलिफोर्नियांत घरखरेदीच्या कर्जापुरतें तर मंदीच्या वर्षांत रुजलेल्या व पुढें विस्तारलेल्या कायद्यामुळें घर स्वाधीन केल्यावर उरलेल्या रकमेसाठीं इतर मिळकतीवर धनकोचा हात पोंचत नसे. दुसऱ्या पारड्यांत बाजारांतील पत कित्येक वर्षें जाण्याची भीति, मुलांची शाळा, लोकलज्जा आणि स्वतःचा शब्द. शिवाय ओस पडलेलें प्रत्येक घर शेजाऱ्यांच्या घराचीहि किंमत खालीं ओढी.

बहुतेकांनीं हप्ते भरणेंच पसंत केलें. ऐपत असतां कर्ज सोडून देणें अनीतीचें आहे, असें त्या वेळच्या एका पाहणींत पांचांपैकीं चौघांनीं सांगितलें. अशा माणसाला सट्टेबाजच म्हटलें पाहिजे, असें अर्थमंत्री पॉल्सन यांनीं २००८ मध्यें सुनावलें होतें. मात्र व्यापारी जगाचा न्याय वेगळा दिसला. डिसेंबर २००९ मध्यें मॉर्गन स्टॅन्ली या पेढीनें सॅन फ्रॅन्सिस्को येथील पांच इमारती धनकोंच्या हवालीं करण्याचें ठरविलें. २००६ सालीं ५४० कोटि डॉलरांना घेतलेली न्यूयॉर्कची अकरा हजारांवर बिऱ्हाडांची वसाहत जानेवारी २०१० मध्यें खरेदीदारांनीं तशीच सोडली. त्याला शहाणपणाचा हिशेब मानण्यांत आलें. ॲरिझोना विद्यापीठांतील कायद्याचे प्राध्यापक ब्रेंट व्हाइट यांनीं २००९ मध्यें या विषमतेवरच बोट ठेवलें : नीतीचें ओझें गृहस्थानें वाहावयाचें, आणि धनकोनें मात्र नफ्याकडे पाहावयाचें.

सरकारनें २००९ मध्यें हप्ते हलके करण्याची योजना काढली. तिचा भर व्याज व मुदत यांवर राहिला; मुद्दल क्वचितच कमी झालें, आणि तीस-चाळीस लाख कुटुंबांचें उद्दिष्ट दूरच राहिलें. दोन्ही आपत्तींचा इतिहास जवळजवळ ठेवून पाहिला असतां एक गोष्ट दिसते. सामान्य गृहस्थ शब्द सहसा मोडीत नाहीं. पण त्याच्या या स्वभावावर विसंबून अटी बदलण्यास धनको विलंब लावतात, तेव्हां नुकसान उशिरां कां होईना दोघांचेंहि होतें. १९३३ च्या राज्यकर्त्यांनीं हें वेळींच ओळखलें, म्हणून त्या काळीं दहा लाखांवर गृहस्थांना शब्द आणि घर या दोहोंतून एकाची निवड करण्याऐवजीं दोन्ही राखण्याची संधि मिळाली.