जुनी गाडी स्लोला बंद पडते? आधी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवू नका

जुन्नर/आंबेगाव : 2000 सालाच्या आसपास मारुतीच्या गाड्यांत एमपीएफआय इंजिन आले. त्याआधीच्या मारुती 800, ओम्नी किंवा प्रीमियर पद्मिनीत हवा आणि पेट्रोल मिसळायचे काम कार्बोरेटर करतो. या गाड्यांची नेहमीची तक्रार म्हणजे रेस दिली की पळते, पाय काढला की बंद. माळशेज घाटाच्या उतारावर असे झाले तर धोका मोठा. ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन थांबले की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल कडक होते.

बहुतेक जण लगेच स्लोचा स्क्रू पिळतात. त्याने मूळ दोष झाकला जातो, पेट्रोल जास्त जाते आणि पीयूसीलाही गाडी अडकते. तपासणी या क्रमाने करावी.

चोक आणि एअर फिल्टर : गरम इंजिनवर चोक पूर्ण आत गेला आहे का ते बघा. कच्च्या रस्त्याच्या धुळीने फिल्टर तुंबला तर धूर काळा येतो.

प्लग : तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे बहुतेक पेट्रोल जास्त. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

व्हॅक्यूम पाइप : गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चोक जरासा ओढल्यावर इंजिन सुधारले, तर कुठून तरी जादा हवा शिरते किंवा स्लो जेट तुंबला आहे. सुस्स आवाज ऐका, एकेक पाइप चिमटून बघा. गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडू नका, आग लागते.

स्लो जेट : क्लिनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करावा. तार घातली की भोक मोठे होते. कार्बोरेटरवर सोलेनॉइड असेल तर चावी ऑन केल्यावर ‘टिक’ आवाज यायला हवा.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते, जुने रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर खराब करते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

एवढे सगळे ठीक असेल तरच स्क्रूला हात लावा. आधी तो हलक्या हाताने बंद करत किती फेरे होतात ते लिहून ठेवा. सेटिंग बिघडलीच, तर तेवढेच फेरे उघडून परत जागेवर येता येते.