नामदार आणि नामधारी

गणपती जवळ आले की पेणच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. मध्ये बाप्पा, खाली पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग. आमदाराच्या नावाआधी 'आ.', खासदाराच्या 'खा.' आणि मंत्र्याच्या 'ना.'. हा 'ना.' म्हणजे नामदार. इराणात हे मुलाचं नाव आहे.

पेणची या नावाशी गाठ जुनी, आणि पहिली भेट काही गोडीची नव्हती. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता, तेव्हाची गोष्ट. १६६२ साली त्याच्याकडचा नामदारखान कोकणात उतरला आणि पेणजवळच्या मिऱ्या डोंगरापाशी शिवाजीराजे त्याच्यावर चालून गेले. जेधे शकावलीत ही नोंद आहे.

'नामदार' ऐकलं की 'नाम' आपलं संस्कृत आणि 'दार' तेवढं हवालदार-फौजदारातलं, असं वाटतं. प्रत्यक्षात अख्खा शब्द फारसी. नाम म्हणजे नाव, दार म्हणजे बाळगणारा. ज्याचं नाव आहे तो, नामांकित. फिरदौसीच्या 'शाहनामा'त वीरांना हे विशेषण पदोपदी लागतं. फारसी आणि संस्कृत या चुलतबहिणी, त्यामुळे तिकडचा 'दार' आणि इकडच्या 'धारण'मधला 'धृ' एकाच मुळाचे. म्हणजे नामदारचं सख्खं मराठी भावंड कोण? नामधारी! एक कीर्तिमान, दुसरा नुसता नावापुरता. एवढी भाऊबंदकी मी दुसऱ्या जोडीत पाहिलेली नाही.

इंग्रजी अमलात कायदे कौन्सिलच्या सभासदाला 'ऑनरेबल' म्हणत. मराठीने त्याजागी हा तयार शब्द बसवला, आणि गोपाळ कृष्ण गोखले कायमचे 'नामदार गोखले' झाले. पुण्याचा फर्ग्युसन रस्ता आजही कागदोपत्री त्याच नावाने आहे. गोखल्यांना तो शब्द शोभला, कारण त्यांचं नाव खुर्चीवर अवलंबून नव्हतं. पुढे मात्र 'नाव असलेला'चा अर्थ 'खातं असलेला' होत गेला. नाव कधी माजी होत नाही, नामदार होतो.

रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला विरोध म्हणून १९५६ साली त्यांनी नामदारकी सोडली. त्यांनी दिला तो राजीनामा. हा शब्दही फारसीतूनच आलेला.