सिस्टरच्या कामाची दखल कशी घेतली जाते? जाणून घ्या

चिखलोली : गावातला पेशंट आधी अंबरनाथच्या छाया रुग्णालयात जातो, जास्त झालं तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात. डॉक्टर राऊंड घेऊन जातात. रात्रभर सलाईन, ताप, बीपी बघते ती सिस्टर.

पुरस्कार कोणता? परिचारिकांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९७३ मध्ये राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. राष्ट्रपतींच्या हस्ते पदक, प्रशस्तिपत्र आणि १ लाख रुपये दिले जातात. नाइटिंगेल यांचा जन्मदिवस १२ मे हा जागतिक परिचारिका दिन आहे.

कोणाला मिळतो? फक्त मोठ्या दवाखान्यातल्या परिचारिकांना नाही, तर गावपातळीवरच्या आरोग्यसेविका (एएनएम) आणि आरोग्य सहायिका (एलएचव्ही) यांनाही.

चांगलं काम म्हणजे काय? मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. त्या २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली, बेडसोर होऊ दिले नाहीत. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचं कौतुक केलं आणि केईएमचे कर्मचारी हेच अरुणा यांचे खरे आप्त असल्याचं म्हटलं.

आपण काय करू शकतो? सुखरूप बाळंतपण, वेळेवर लसीकरण, जखमेत पू न होणं, ही रुग्णालयाची उद्दिष्टं सिस्टरच्या हातूनच पूर्ण होतात. तक्रार आपण लगेच लेखी देतो. चांगला अनुभव आला तर तोही वॉर्ड आणि तारखेसह वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्यावा. तोंडी आभार वॉर्डातच राहतात, कागद फाईलला लागतो.