धान्यापासून गिरणीपर्यंत : ग्लुटेनमुक्त आहाराचा इतिहास

ग्लुटेनमुक्त आहार हे सिलिअ‍ॅक या विकारावरचे आजही एकमेव खात्रीचे औषध आहे. हा विकार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियातील अरेटिअस या ग्रीक वैद्याने खाल्लेले अन्न न पचणारा, दीर्घकाळ जुलाबाने खंगणारा रोगी वर्णिला होता. पण अपाय कोणत्या अन्नाने होतो हे कळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. तेव्हापासून आजवर हा आहार तीन प्रश्नांमधून घडत गेला. काय खावे, काय टाळावे आणि टाळलेले अन्न नकळत किती पोटात जाते, असे ते तीन प्रश्न.

पहिला प्रश्न लंडनच्या सॅम्युअल गी यांनी नेमका मांडला. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात ५ ऑक्टोबर १८८७ रोजी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या विकाराचे आधुनिक वर्णन केले आणि रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे मत नोंदवले. एका मुलाला रोज हॉलंडच्या उत्तम शिंपल्यांचे मांस भरपूर दिले, तेव्हा ते चांगले बाळसे धरू लागले. शिंपल्यांचा हंगाम संपताच दुखणे उलटले. गी यांना आहाराची दिशा सापडली होती, कारण सापडले नव्हते. भाजलेल्या पावाचे पातळ काप त्यांनी रोग्यांना चालू ठेवले होते.

न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सगळी धान्ये बंद करून मुलांना भरपूर केळी द्यायची, अशी ही पद्धत होती. मुले सुधारली आणि केळ्याला औषधाचा मान मिळाला. पुढची जवळजवळ तीस वर्षे हा उपचार चालला. प्रत्यक्षात गुण केळ्यांचा नव्हता, तो ताटातून गेलेल्या पावाचा होता. उपचार लागू पडत होता, पण त्याचे कारण चुकीचे सांगितले जात होते. त्यामुळे बरे झालेले मूल पुन्हा पावाकडे वळले की काय होईल, हे कोणाला सांगता येत नव्हते.

हा गुंता हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयातील विलेम डिके यांनी सोडवला. गव्हाशिवायचा आहार देऊन पाहण्यास त्यांनी १९३० च्या दशकातच सुरुवात केली होती आणि १९४१ मध्ये त्याविषयी लिहिलेही होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव दिसेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. पाव मिळेनासा झाल्याने सिलिअ‍ॅकच्या मुलांचे बिघडले नाही. पाव परतल्यावर मात्र दुखणेही परतले. डिके यांचा संशय त्यामुळे बळावला, पण पुरावा त्यांनी नंतर मोजमापाने उभा केला. युट्रेक्टमध्ये फान दे कामर आणि वायर्स या सहकाऱ्यांच्या सोबतीने मुलांच्या मलातील चरबी मोजण्यात आली. गहू किंवा राय ही धान्ये दिली की न पचलेली चरबी वाढे, तांदूळ किंवा मका दिला की ती वाढत नसे. डिके यांचा प्रबंध १९५० मध्ये आला. सातू, म्हणजे बार्लीही, पुढे टाळायच्या यादीत कायम झाली.

गव्हातला नेमका कोणता भाग बाधतो, हे पाहण्यासाठी गव्हाचे घटक वेगळे करावे लागले. कणीक पाण्याखाली मळत राहिले की पांढरे सत्त्व धुऊन जाते आणि हातात चिवट गोळा उरतो. तोच ग्लुटेन, बोलोन्याच्या बेक्कारी यांनी अठराव्या शतकात त्याचे वर्णन केले होते. महाराष्ट्रात कुरडया करताना उलट बाजू हवी असते : भिजवलेला गहू वाटून, गाळून, खाली बसलेला चीक घ्यायचा आणि चोथा टाकायचा. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवले की धुतलेले सत्त्व मुलांना सोसते, ग्लुटेन सोसत नाही. त्यातून गव्हाच्या धुतलेल्या सत्त्वाचा पाव युरोपात रुळला. घरगुती चिकात मात्र ग्लुटेनचा अंश राहतोच, त्यामुळे कुरडई या रोग्यांना वर्ज्य आहे.

दरम्यान डॉक्टरांना आतडे पाहता येऊ लागले. १९५४ मध्ये पॉली यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या नमुन्यांत लहान आतड्याच्या अस्तरावरचे रसांकुर झिजून सपाट झालेले दाखवले. पाठोपाठ मार्गो शायनर यांची नळी आणि १९५७ ची क्रॉस्बी कुपी यांमुळे शस्त्रक्रियेवाचून अस्तराचा तुकडा काढता येऊ लागला. जुलाब थांबलेल्या रोग्याचेही अस्तर बिघडलेले असू शकते, हे त्यातून उघड झाले. त्रास होत नाही म्हणजे अन्न चालते, हा घरगुती निकष तिथेच बाद झाला आणि तिसरा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला साधने नव्हती. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स या संयुक्त मंडळाने आपल्या पहिल्या मानकात ग्लुटेन थेट न मोजता गव्हाच्या सत्त्वातील नायट्रोजनवर मर्यादा घातली होती. पुढे प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या आल्या आणि २००८ मध्ये कोडेक्सने किलोमागे २० मिलिग्रॅम ही सीमा ठरवली. अमेरिकेने २०१३ मध्ये तीच घेतली. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांतही तीच आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील प्रयोगात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलेल्या रोग्यांच्या अस्तराला इजा दिसली. एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे ही ५० मिलिग्रॅमची मात्रा पोळीच्या साठाव्या भागाएवढी.

आकडा हाती आल्यावर लक्ष धान्यावरून धान्याच्या प्रवासाकडे वळले. ओट्सचे उदाहरण बोलके आहे. दीर्घकाळ ते अपायकारक मानले गेले. १९९५ च्या फिनलंडमधील अभ्यासात बहुतेक प्रौढ रोग्यांना ते सोसल्याचे दिसले. बाजारातले ओट्स मात्र शेतात, ट्रकमध्ये आणि कारखान्यात गव्हात मिसळत असल्याने वेगळे पिकवलेले आणि तपासलेलेच ओट्स सुरक्षित धरले जातात. २०१० मध्ये अमेरिकेत मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे व पिठांचे २२ नमुने तपासले, तेव्हा ७ नमुन्यांत ग्लुटेन मर्यादेच्या वर होते.

भारतात १९६० च्या दशकापासून उत्तरेतील डॉक्टरांनी हा विकार नोंदवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधील प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. उत्तरेत गहू कितीतरी जास्त खाल्ला जातो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. महाराष्ट्राचे जुने ताट या रोग्यांना सोयीचे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी आणि उपवासाचे वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा या कशातही ग्लुटेन नाही. गहू लपतो तो मिश्रणांत. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात अनेक घरांत मूठभर गहू पडतो, सातूच्या पिठात तो असतोच, रवा, मैदा आणि शेवया त्याचीच रूपे आणि बाजारी हिंगाच्या पुडीत कित्येकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

खरी अडचण गिरणीत येते. आधीच्या दळणाचे पीठ जात्याच्या दगडांत आणि पत्र्याच्या नळीत अडकते आणि पुढच्या दळणाबरोबर उतरते. एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचे पाव ग्रॅम पीठ आले तरी किलोमागे २० मिलिग्रॅमची सीमा ओलांडली जाते. ‘ज्वारीवर ज्वारी’ दळून घेण्याचा गिरणीतला रिवाज भाकरी बिघडू नये म्हणून पडला. सिलिअ‍ॅकच्या रोग्याला तो पुरत नाही, कारण सकाळी त्याच जात्यावर गहू दळलेला असू शकतो. म्हणून घरी धान्य निवडून, धुऊन, वाळवून वेगळ्या घरगुती चक्कीवर दळणे किंवा तपासणी झालेले पीठ घेणे, हाच सल्ला दिला जातो.

स्वयंपाकघरातही तोच नियम लागू होतो. आचेने ग्लुटेन नष्ट होत नाही, त्यामुळे पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाण्याचे वडे तळून चालत नाहीत. पोळ्यांची परात, लाकडी पोळपाट-लाटणे, चाळणी आणि लावायच्या पिठाचा डबा वेगळा ठेवावा लागतो, रोग्याची भाकरी पोळ्यांच्या आधी स्वच्छ तव्यावर करावी लागते. पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्यांचा उल्लेख करणे भारतात बंधनकारक आहे. सुट्या मालाला लेबल नसते, तेथे दळण कुठे झाले हे विचारूनच घ्यावे लागते.